ट्रॉलीवर चढणारे घर

दसऱ्याचे सोने वाटून झाले की आमच्या भागातील वाड्या-वस्त्यांवर एक वेगळीच गडबड सुरू होते. कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांत राहणाऱ्यांना ती सांगायला नको. मुकादमाची उचल आधीच घेऊन झालेली असते आणि बहुतेक खर्चूनही झालेली असते. मग एका सकाळी दारात ट्रॅक्टर उभा राहतो. म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारे एखादे पोर मागे राहते, दाराला कुलूप लागते आणि उरलेला संसार ट्रॉलीत चढतो. ज्वारीचे पोते, तवा, परात, हंडा, कोयते, वाकळा, खुराड्यातल्या कोंबड्या, एखादी शेळी आणि सगळ्यांत वर ताडपत्रीची गुंडाळी व चार-सहा बांबू. ही गुंडाळी आणि हे बांबू म्हणजेच पुढच्या पाच महिन्यांचे घर.

माझा धाकटा भाऊ आणि भावजय असेच एक कोयता म्हणून जातात. आमची शेती कोरडवाहू, दोघा भावांत मिळून सात एकर. ती मी पाहतो आणि तो हंगामाला जातो, अशी आमची वाटणी आहे. तीन वर्षांपूर्वी मार्चअखेर ते परत आले तेव्हा दोन वर्षांच्या पुतणीची छाती भरलेली होती. कळंबच्या दवाखान्यात चार दिवस काढले. घरी आल्यावर भावजय भाकरी थापता थापता एवढेच म्हणाली, “दादा, काम लई आसतंय त्याचं काई न्हाई, पर रातचं पोरीला कुठं ठिवावं ते कळत न्हाई.” ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसले. पुढचा सगळा उद्योग त्यातून निघाला.

कोपीला नावे ठेवायची नाहीत, हे आधी सांगून टाकतो. बांबू वाकवून, त्यावर तट्ट्या, पाचट किंवा ताडपत्री घालून उभी केलेली कोपी दोन तासांत तयार होते, फड बदलला की तितक्याच वेळात मोडते, आणि हातातल्या सामानाखेरीज तिला काही लागत नाही. इतकी सोपी वस्तू हजारो माणसे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात ती उगीच नव्हे. पण तिची उणीव काय, हे जो तिच्यात झोपला त्यालाच ठाऊक. मार्गशीर्ष-पौषात उसाच्या पाणथळ रानातली थंडी खालून येते आणि बाजूनेही येते. अवकाळी आला की अंथरूण भिजते. दाराला पडदा असतो, कडी नसते. बाईमाणसाला याचा किती जाच होतो हे बायकांना विचारावे. आणि पाचटाच्या कोपीत चूल पेटते, तेव्हा एका ठिणगीने काय होते याच्या बातम्या दर हंगामात आपण वाचतोच.

तेव्हा मनात आले की हलके, ऊबदार, कडी लागणारे आणि गाडीवर ठेवून नेता येईल असे खोपट करता येईल काय?

अमेरिकेत हौशी लोक असे करतात, हे मला थोरल्या मुलाने दाखवले. तिकडे चार फूट रुंद व आठ फूट लांब अशी सामान वाहण्याची दोनचाकी छोटी ट्रॉली मोटारीमागे जोडतात. तिच्यावर फोमच्या तक्त्यांची पेटी चिकटवून उभी करायची, तिच्यावर डिंकात भिजवलेले जाड सुती कापड ताणून बसवायचे आणि वरून घराच्या भिंतीचा रंग द्यायचा, की झोपण्यापुरती खोली तयार. कापड आणि डिंक यांच्या या कवचाला ते लोक गरिबाचा फायबरग्लास म्हणतात. ते लोक त्यात सुट्टीला फिरायला जातात. आपल्याकडे सुट्टी कोणाला आहे? पण घर बरोबर घेऊन फिरणारी माणसे मात्र त्यांच्यापेक्षा आपल्या जिल्ह्यात जास्त असतील.

फोम म्हणजे आपला थर्माकोलच समजा. त्यात शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग नुसती हवा असते, आणि ती हवा बारीक बारीक मण्यांत कोंडलेली असल्यामुळे उष्णता तिच्यातून सहज जात नाही. कागदावरच्या हिशेबाने दोन इंच थर्माकोल हा अडीच-तीन फूट जाडीच्या विटेच्या भिंतीइतकी उष्णता अडवतो. आपले जुने माळवद उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊबदार राहते ते त्याच्या जडपणामुळे. थर्माकोल तेच काम हलकेपणाने करतो. जडपणाची किंमत आपल्या जिल्ह्याने एकदा मोजलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला तेव्हा उमरगा-लोहारा भागात आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यात दगडमातीच्या रुंद भिंती आणि मातीची माळवदे झोपलेल्या माणसांवर आली आणि जवळपास आठ हजार माणसे गेली. तेव्हापासून डोक्यावरचे छप्पर हलके असावे असे आमच्या वडिलांचे ठाम मत होते. पत्रा हलका खरा, पण तो उन्हात तापतो आणि रात्री गारठतो.

आमच्याकडे एक दोनचाकी छोटी ट्रॉली गंजत पडली होती. २०१६ च्या दुष्काळात, लातूरला रेल्वेने पाणी आले त्या उन्हाळ्यात, तिच्यावर टाकी ठेवून आम्ही दोन कोसांवरून पाणी आणत होतो. टाकी फुटली, ट्रॉली राहिली. तिचा पाटा आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद. आडवे झोपले तर सहा फुटांत मोठे माणूस मावते आणि आठ फुटांत चौघांची अंथरुणे बसतात. म्हणून खोलीचेही माप तेच धरले. उंची पुढे पाच फूट, मागे चार फूट; एकपाखी छप्पर, म्हणजे पाणी आपोआप मागे निथळते. उभे राहता येत नाही, पण आत बसून लेकरू पाजता येते, कपडे बदलता येतात.

थर्माकोल सोलापूरहून आणला. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, एक इंच जाड असे सत्तर-पंच्याहत्तर तक्ते लागले. मखराचा भुसभुशीत माल घेऊ नये. शीतगृहाच्या भिंतींना लावतात तो दाट दाण्याचा घ्यावा, आणि आग लवकर धरू नये म्हणून औषध मिसळलेला प्रकार मिळतो तोच मागून घ्यावा. एक इंची दोन थर एकावर एक चिकटवायचे ते सांधेमोड करून. गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही, तसे. त्याने भिंतीला बळ येते आणि फटीतून वारा येत नाही. कापायला करवतीचे बारीक पाते चालते. धारेच्या सुरीला मेणबत्ती चोळली तर काप आणखी साफ येतो.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. सुतार सनमायका चिकटवायला जे पिवळे, उग्र वासाचे सोल्यूशन वापरतात ते घरात होते, तेच लावले. पाहता पाहता थर्माकोल विरघळून खड्डे पडले, जणू गरम तव्यावर लोणी. चार तक्ते वाया गेले. पेट्रोल, थिनर किंवा असल्या पातळ द्रव्यांचा कोणताही डिंक, तसाच ऑइलपेंट, थर्माकोलला लावू नये. पाण्यात मिसळणारा पांढरा डिंक, म्हणजे सुताराचा फेव्हिकॉल, हाच खरा. त्यातही पाण्याला टिकणारा प्रकार मिळतो तो घ्यावा. रंगही पाण्यात कालवायचा, बाहेरच्या भिंतीचा.

दुसरी चूक डिंक जाड लावल्याची. थर्माकोलमधून हवा जात नसल्यामुळे दोन तक्त्यांच्या मधला डिंक वाळतच नाही. दोन दिवसांनी उचकून पाहिले तर आत दह्यासारखा ओला. मग बोटभर अंतराने पातळ रेघा ओढल्या, हवेला वाट राहील अशा. बांबूच्या काड्या टोकदार करून खिळ्यांसारख्या टोचल्या, वर ज्वारीची पोती ठेवली आणि आठ दिवस हात लावला नाही. घाई करणाऱ्याने हे काम करूच नये.

खरे काम कापडाचे, आणि ते आमच्या घरातील मंडळींनी व भावजयीने केले. मांजरपाट आणून आधी गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढली. खळ राहिली तर डिंक मुरत नाही आणि कापड पुढे आटून सुटते. तीन वाटे डिंक व एक वाटा पाणी कालवून ते हाताने थर्माकोलवर फासायचे, कापड अंथरायचे, मधून कडेकडे तळहात फिरवत हवा काढायची आणि वरून पुन्हा डिंकाचा हात द्यायचा. जोडावर दोन इंच कापडावर कापड यावे. मी लावलेल्या पहिल्या पट्टीवर इतक्या सुरकुत्या पडल्या की भावजयीने ती ओढून काढली. जिने जन्मभर वाकळा शिवल्या तिला कापड कसे बसवावे हे शिकवावे लागत नाही. आतल्या बाजूला मांजरपाट पुरेना, तेव्हा आईची दोन जुनी सुती लुगडी लावली. अजूनही रंगाखालून एका कोपऱ्यात त्यांचे काठ ओळखू येतात. वाळल्यावर भिंत डफाच्या कातड्यासारखी टणटणीत झाली. बोट दाबले तर खड्डा पडत नव्हता. बाहेरून पांढऱ्या रंगाचे तीन हात दिले. गडद रंग देऊ नये, तो उन्हात इतका तापतो की आतला थर्माकोल नरम पडतो.

उरलेल्या बारीकसारीक गोष्टी थोडक्यात सांगतो. थर्माकोलमध्ये स्क्रू धरत नाही, म्हणून दाराच्या आणि खिडकीच्या चौकटीला लाकडी पट्टी आधीच भिंतीत बसवावी लागते. छपराखाली बांबूच्या तीन कामट्या घातल्या. जमीन अर्ध्या इंची वॉटरप्रूफ प्लायवूडची, खाली दोन लाकडी धिरे, आणि ट्रॉलीच्या पाट्याशी चार बोल्ट. बाहेरून खालच्या कडेला फूटभर उंच पत्र्याची पट्टी; ती नसेल तर उंदीर आणि मुंग्या थर्माकोल पोखरून आपलाच संसार थाटतात. वर समोरासमोर वीतभर जाळीचे दोन झरोके.

सगळे झाल्यावर वजनाचा हिशेब मांडला. थर्माकोल अवघा सोळा-सतरा किलो, कापड-डिंक-रंग वीस-बावीस, प्लायवूड पस्तीस, लाकूड-पत्रा-बोल्ट पंचवीस. सगळे मिळून शंभर किलोच्या आसपास, म्हणजे ज्वारीचे एक भरलेले पोते. चार गड्यांनी बोल्ट काढून खोली उचलली आणि अंगणात ठेवली तेव्हा भावजय हसून म्हणाली, “हे घर न्हाई दादा, गणपतीचं मखर झालं!”

तिचे म्हणणे अगदी खोटे नव्हते, आणि तेवढ्याचसाठी पुढची गोष्ट सविस्तर सांगणे मला भाग आहे. थर्माकोल जळतो. उरलेला एक तुकडा मी पांदीत नेऊन पेटवून पाहिला. औषध मिसळलेला असूनही काडी धरून ठेवली तोवर तो वितळला, थेंब थेंब गळाला आणि काळा, घशाला झोंबणारा धूर झाला. काडी काढली तेव्हा विझला, पण आगीत सापडलेल्या खोलीत काडी काढणारा कोण असतो? साधा थर्माकोल तर विझतही नाही. कापड आणि डिंकाचे कवच थोडा वेळ मिळवून देते, त्यापेक्षा जास्त काही देत नाही.

म्हणून आमच्या घरात या खोलीचा एक कायदा ठरला. आत चूल नाही, स्टोव्ह नाही, चिमणी नाही, उदबत्ती नाही, विडी तर नाहीच. दिवा सौर बॅटरीचा. दार बाहेर उघडणारे आणि कडी फक्त आतून. कोळशाची शेगडी थंडीतही आत घ्यायची नाही. ती न पेटवताच खोली ऊबदार असते, आणि बंद खोलीत निखाऱ्यांचा जो वायू कोंडतो त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. भावजयीची यावर कुरकुर होती, आणि ती रास्त होती. पहाटे तीनला उठून वाऱ्यावर भाकरी भाजायची कशी? शेवटी जुन्या पत्र्याचा तीन बाजूंनी बंद असा कमरेइतका आडोसा केला. तो खोलीपासून दहा पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवायचा. हे जिथे जमणार नाही, जिथे कोपी कोपीला चिकटून असतात आणि शेजारच्या पाचटाची ठिणगी आपल्यावर येऊ शकते, तिथे हे घर नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला आत चूल लागते त्याने हे घर बांधूच नये. त्याला ताडपत्रीच बरी, निदान ती फाडून बाहेर पडता येते.

नेण्याचा प्रश्न वेगळाच होता. आमची छोटी ट्रॉली काही हंगामाला जात नाही. टोळीचा ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉल्या ओढतो. त्यामागे आणखी एक ट्रॉली जोडून कोण नेऊ देईल? म्हणूनच खोली बोल्टवर ठेवली होती, की घर ट्रॉलीवरून उतरवून मोठ्या ट्रॉलीत चढवता यावे. दसऱ्यानंतर मुकादम आला. त्याने पेटी पाहिली आणि म्हणाला, “एका कोयत्याच्या घरानं आख्खी ट्रॉली आडवली, बाकीच्यांनी काय माझ्या डोक्यावर बसायचं?” त्याचेही खरेच होते. तेव्हा भावाने दार उघडून चार कोयत्यांची धान्याची पोती, भांडी आणि वाकळा खोलीच्या पोटात भरल्या. सामान पावसापासून सुरक्षित आणि जागाही उरली. मुकादम पुढे काही बोलला नाही. पेटीच्या पाठीला लाल रिफ्लेक्टर लावून ट्रॉली बार्शी-पंढरपूरच्या वाटेने गेली. धावत्या गाडीत आत कोणी बसायचे नाही, लेकरूसुद्धा नाही, हे भावाला दोनदा बजावले होते.

आता पाच महिन्यांत काय झाले ते ऐका. पहिल्या आठवड्यातच फोन आला की छप्पर गळते. पाऊस तर नव्हता. विचारपूस केल्यावर कळले की थंडी लागते म्हणून दोन्ही झरोक्यांत चिंध्या कोंबल्या होत्या. चौघांच्या श्वासाची वाफ रात्रभर छताला लागून पहाटे थेंब पडत होते. चिंध्या काढल्यावर गळणे थांबले आणि ऊब काही कमी झाली नाही. झरोके कधीच बुजवू नयेत, हे आम्ही आधी सांगायला हवे होते.

मग पुतणीचा पराक्रम. तिने चमच्याने भिंत कोरून आतले पांढरे मणी काढले आणि साबुदाणा म्हणून ताटलीत मांडले. तोंडात घालण्याआधी पाहिले म्हणून बरे. त्या भोकातून मुंग्या शिरल्या. कापडाचे ठिगळ डिंकाने लावले, पण आत बरेच पोकळ झाले होते. लहान मुले असतील तर आतून हातभर उंचीपर्यंत पातळ प्लायवूड मारावे. वजन आठ-दहा किलोंनी वाढेल, ते परवडले.

फेब्रुवारीत वादळी पाऊस आला. हलके घर म्हणजे वाऱ्याचे खेळणे. भावाने एका बाजूच्या खुंट्या ठोकल्या नव्हत्या. खोली एका कोपऱ्यावर वीतभर उचलली गेली आणि धपकन खाली बसली. माणसे आत होती. कोणाला लागले नाही, पण त्या रात्री भावजयीने पोरांना घेऊन शेजारच्या कोपीत काढली. तेव्हापासून चारी कोपऱ्यांना हातभर खोल खुंट्या आणि छपरावरून दोन आडवे दोर; दोर कडेला कापड कापतो म्हणून तिथे पोत्याची घडी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे गारपीट झाली तशी झाली तर हे छप्पर टिकेल असे मी म्हणणार नाही. खड्डे नक्की पडतील.

पण त्या हंगामात पुतणीला दवाखाना लागला नाही. हे घरामुळे की ती एका वर्षाने मोठी झाली म्हणून, हे सांगणारा मी डॉक्टर नव्हे. भावजय मात्र दुसरीच गोष्ट सांगते. दिवसभराच्या तोडणीनंतर दार लावून, कडी घालून पाठ टेकता येते, याचे तिला जास्त मोल वाटते. टोळीतल्या बाळंतीण झालेल्या एका बाईला तिने आठ दिवस खोली दिली आणि आपण ताडपत्रीत राहिली. ही गोष्ट तिने मला सांगितली नाही, भावाकडून कळली.

कोणी म्हणेल, हे सगळे करण्याऐवजी कारखान्याने आणि सरकारने नीट निवारा द्यावा. अगदी बरोबर आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले आहे, मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आहे, त्यांचा पाठपुरावा गावोगाव केलाच पाहिजे. पाणी, संडास आणि दवाखाना या गोष्टी काही थर्माकोलच्या करता येत नाहीत. आणि टोळीतल्या प्रत्येकाकडे हे घर करायला लागणारा महिनाभराचा वेळ, अंगण आणि हाताखाली माणसे असतात असेही नाही. आमच्याकडे होती.

हंगाम नसतो तेव्हा खोली पुन्हा छोट्या ट्रॉलीवर चढते. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेला आम्ही ती नेली. चुनखडी वेचून आल्यावर म्हाताऱ्या आईला दुपारच्या उन्हात तिच्यात झोप लागली आणि उठल्यावर ती म्हणाली की माळवदात असल्यासारखे वाटले. आईला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र ठाऊक नाही. ज्वारी हुरड्यात आल्यावर राखणीलाही ती रानात उभी असते. ट्रॉलीवर असताना एक काळजी घ्यावी. जड सामान चाकांच्या थोडे पुढे ठेवावे, मागे नको. बैलगाडी उलाळ झाली की काय होते हे आपल्याला माहीत आहे. ट्रॅक्टरमागची ट्रॉली तशी झाली की ती नुसती उलाळत नाही, रस्त्यावर शेपटीसारखी हलू लागते आणि मग आवरत नाही. ट्रॉलीची नोंदणी असावी हेही आलेच.

काम करताना जो चुरा पडतो तो मात्र वाऱ्यावर सोडू नये. थर्माकोल कुजत नाही आणि गुरांच्या पोटात गेला तर निघत नाही. २०१८ साली सरकारने थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर आणि सजावटीवर बंदी घातली ती त्याच्यासाठीच. आम्ही सगळा चुरा पोत्यात भरून ठेवला आणि पुढे दाराच्या पोकळीत ठासला. जाळायचा तर मुळीच नाही.

यंदा दसऱ्याच्या आत करायची कामे भिंतीवर खडूने लिहून ठेवली आहेत. मुंग्यांनी पोखरलेली बाजू कापून नवी बसवायची, छपराला रंगाचा एक हात, आतून प्लायवूड. शिवाय भावजयीचे एक मागणे आहे. उगवतीकडची खिडकी एक हात खाली घ्यायची, म्हणजे पहाटे ती फडात गेल्यावर मागे राहिलेल्या पोरीला अंथरुणातून आई दिसेल. चौकट पुन्हा कापावी लागणार आहे. लाकूड आणून ठेवले आहे.